घराचा नकाशा कसा वाचावा

घर बांधणे हा सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील बहुधा सर्वांत मोठा खर्च होय. आणि ज्या कागदावर त्या घराचे रूप ठरते, तो कागद घरातील एकासही वाचता येत नाही, असे दृश्य आम्ही कितीतरी ठिकाणी पाहिले आहे. नकाशाची गुंडाळी सतरंजीवर उलगडली जाते. ती पुन्हा मिटू नये म्हणून चार कोपऱ्यांवर तांब्या, अडकित्ता, चष्म्याचे घर असे हाताला लागेल ते ठेवतात. नकाशा आणणारे गृहस्थ पेन्सिलीच्या टोकाने ‘हे स्वयंपाकघर, हे न्हाणीघर, हा जिना’ असे दाखवीत जातात. आजोबा मान डोलावतात, ती पाहून वडील डोलावतात. आणि ज्या माउलीला त्या स्वयंपाकघरात उभे आयुष्य काढावयाचे आहे, ती दारात उभी राहून नुसती ऐकत असते. सही होते. तीन महिन्यांनी भिंती छातीइतक्या चढल्या म्हणजे कोणाच्या तरी ध्यानात येते की, स्वयंपाकघराची एकुलती एक खिडकी शेजाऱ्याच्या भिंतीकडे तोंड करून आहे. पण तोवर विटा बसलेल्या असतात.

ज्या घरात पंचांग वाचले जाते, रेल्वेचे वेळापत्रक वाचले जाते, त्या घराने नकाशापुढेच तेवढे निरक्षर का राहावे? आमच्या मते ही विद्या सहावी-सातवीतील मुलास चार-सहा रविवारांत येऊ शकते, आणि तिच्यासाठी लागते ते साहित्य म्हणजे एक मोजफीत, चौकटींची वही व पेन्सिल. मुलास प्रथम तयार नकाशा दाखवू मात्र नये. प्रथम त्यास स्वतःचीच खोली मोजावयास लावावी.

खोली ३ मीटर ६० सेंटिमीटर लांब व ३ मीटर रुंद भरली असे समजू. एवढी खोली वहीत मावणार नाही. म्हणून प्रत्येक मीटरासाठी कागदावर २ सेंटिमीटर घ्यावयाचे. खोली ७.२ सेंटिमीटर लांब व ६ सेंटिमीटर रुंद उतरते. प्रत्यक्षातील ५० भागांस कागदावर १ भाग मिळाला, म्हणून ह्या प्रमाणास ‘एकास पन्नास’ म्हणतात. घराच्या नकाशांत पुष्कळदा ‘एकास शंभर’ हे प्रमाण असते. जुन्या घरांच्या ट्रंकांत फूट-इंचांच्या काळातील कागद सापडले, तर त्यांवर ‘एक इंचास आठ फूट’ असे लिहिलेले आढळण्याचा संभव आहे. आठ फुटांचे शहाण्णव इंच होतात, तेव्हा ते प्रमाण ‘एकास शहाण्णव’ झाले. हा हिशेब मुलाने स्वतः करावा; भूमितीच्या तासाला शिकलेले प्रमाण अशा वेळी घरात उपयोगी पडते.

पहिल्याच प्रयत्नात दोन गमती होतात. मुले भिंत म्हणून एकच रेघ ओढतात. मग ओसरी, माजघर व स्वयंपाकघर यांची आतली मापे मिळवली, की बेरीज घराच्या बाहेरच्या मापाएवढी येत नाही. अर्धा-पाऊण मीटर कुठे तरी हरवतो. तो हरवलेला भाग म्हणजे भिंतींची जाडी. बऱ्हाणपुरातील जुन्या घरांच्या भिंती मोजून पाहाव्यात, म्हणजे हरवलेला भाग किती मोठा असू शकतो ते कळेल. दुसरी गंमत अशी की, चारही बाजू बरोबर मोजूनही कधी कधी खोली कागदावर मिटत नाही. शेवटची रेघ पहिलीला भेटतच नाही. याचे कारण बहुधा त्या खोलीचे कोपरेच काटकोनी नसतात. अशा वेळी समोरासमोरच्या कोपऱ्यांतील दोन्ही तिरकी अंतरे मोजावीत. समोरासमोरच्या भिंती सारख्या असून ही दोन अंतरे सारखी आली तर खोली काटकोनी, नाहीतर वाकडी. पाया आखताना आपले गवंडी दोरीवर ३, ४ व ५ अशी मापे घेऊन काटकोन साधतात, त्यामागे हीच भूमिती आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. नकाशा म्हणजे आकाशातून दिसणारे घर, अशी पुष्कळ मोठ्या माणसांचीही समजूत असते. आकाशातून तर फक्त छप्पर दिसेल! नकाशा म्हणजे कापलेले घर होय. जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, म्हणजे खिडकीच्या उंबऱ्याच्या जरा वर, एक मोठी करवत घालून सगळे घर आडवे कापले, वरचा भाग उचलून बाजूस ठेवला आणि राहिलेल्या भागात वरून पाहिले, म्हणजे जे दिसते ते नकाशात काढतात. जे कापले गेले त्याची रेघ ठळक, जे खाली आहे त्याची बारीक, आणि जे कापाच्या वर राहिले, उदाहरणार्थ माळा किंवा उंचावरचा झरोका, त्याची रेघ तुटक. रेघेच्या ह्या तीन जाती ओळखता आल्या, म्हणजे निम्मे वाचन साधले. दार दाखविताना पाव वर्तुळ काढतात; ते दाराच्या फळीने फिरताना आक्रमिलेला मार्ग असते. ते पाव वर्तुळ पलंगाच्या जागेवर चढत असेल, तर घर बांधण्यापूर्वीच दोघांपैकी एकास हलवावयास हवे. दारांजवळ ‘डी’, खिडक्यांजवळ ‘डब्ल्यू’ व झरोक्यांजवळ ‘व्ही’ ही इंग्रजी अक्षरे असतात, आणि कागदाच्या कडेला त्यांची मापे कोष्टकात दिलेली असतात. कोपऱ्यातील बाण उत्तर दिशा दाखवितो. आपल्याकडे वैशाखात पश्चिमेची भिंत कशी तापते हे ज्याला ठाऊक आहे, त्याने तो बाण सर्वांआधी शोधावा.

कापण्याची कल्पना मुलांस समजत नसेल, तर आपल्या जिल्ह्यात केळ्यांना तोटा नाही. एक केळे आडवे कापावे, चकती मिळते. दुसरे उभे, देठापासून टोकापर्यंत कापावे. लांब वाकडी होडी मिळते. वस्तू एकच, पण दोन्ही कापांत तिचे रूप इतके निराळे की, एक पाहून दुसऱ्याची कल्पना येऊ नये. घराचेही तसेच आहे. आडव्या कापास नकाशा किंवा प्लॅन म्हणतात. उभ्या कापास छेद, म्हणजेच सेक्शन, असे नाव आहे. आणि मुळीच न कापता समोर उभे राहून जे दिसते ते दर्शनी चित्र, म्हणजे एलेव्हेशन. (केळे नंतर खाण्यास आमची हरकत नाही.)

दर्शनी चित्राचा धडा घेण्यास गांधी चौकातील जामा मशिदीसारखी दुसरी जागा नाही. सोळाव्या शतकाच्या अखेरीस राजा अलीखान फारुकीने ती बांधविली. तीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, ही गोष्ट आपल्या गावाविषयी पुष्कळ काही सांगून जाते. समोरच्या बाजूस पंधरा कमानी आहेत व दोन्ही टोकांस दोन उंच मीनार. पंधरा ही विषम संख्या असल्यामुळे आठवी कमान मध्यावर येते आणि दोन्हीकडे सात-सात उरतात. म्हणून मुलाने मध्यरेषेच्या एकाच बाजूचे चित्र मोजून काढावे. दुसरी बाजू आरशातल्याप्रमाणे येईल. कमानी पंधरा, मग त्यांच्या मधले खांब किती? वर्गात हा प्रश्न टाकला, की पंधरा आणि सोळा अशी उत्तरे प्रथम येतात. उत्तर चौदा आहे. ह्या एकाच्या फरकाची आठवण ठेवावी; पुढे जिन्यापाशी ती कामास येईल.

चौकात उभे राहून छायाचित्र घेतले, तर जवळचा मीनार मोठा व दूरचा लहान येईल. दर्शनी चित्रात मात्र दोन्ही सारखेच काढावयाचे, कारण तेथे डोळ्याला काय वाटते यापेक्षा माप महत्त्वाचे असते. नकाशात पाहिले तर तोच मीनार रुपयाएवढी आकृती होऊन बसतो, आणि तो गगनास भिडला आहे की गुडघ्याएवढा आहे, हे तेथे कळावयास मार्ग नाही.

छताचे काय, असाही प्रश्न चौकस मुले विचारतात. तापीकाठच्या शाही किल्ल्यातील हमामखान्याच्या छतावर रंगीत वेलबुट्टी आहे. मुमताजमहल १६३१ साली ह्याच शहरी निवर्तली, तिच्या नावाशी ह्या जागेची आठवण जोडलेली आहे. असे छत कागदावर उतरवावयाचे झाल्यास जमिनीभर आरसा अंथरला आहे अशी कल्पना करतात आणि त्या आरशात वरून जे दिसेल ते काढतात. त्यामुळे छताचा नकाशा जमिनीच्या नकाशावर नेमका बसतो, डावे-उजवे बदलत नाही. ही युक्ती आजही दिव्यांच्या व पंख्यांच्या जागा दाखविण्यासाठी वापरतात.

पण आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे चित्र छेदाचे, आणि शाळांत व घरांत सर्वांत दुर्लक्षित तेच. ह्याचे महत्त्व पटण्यासाठी आपल्या गावच्या कुंडी भंडाऱ्याकडे जावे. काहीजण त्यास खुनी भंडाराही म्हणतात. जहांगीराच्या कारकिर्दीत, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या वेळी हे काम झाले. २०२४ साली जागतिक वारसास्थळांच्या भारताच्या तात्पुरत्या यादीत त्याचे नाव आले. जमिनीवरून पाहणाऱ्यास तेथे काय दिसते? ओळीने गेलेली गोल कुंड्यांची तोंडे. त्यांचा नकाशा काढला तर शंभराहून अधिक वर्तुळांची एक माळ होईल. ती माळ विहिरींची आहे, खांबांची आहे की झाडांच्या आळ्यांची, हे नकाशा सांगू शकत नाही. समोरून चित्र काढू म्हटले तर काढण्याजोगे काहीच नाही. सगळी करामत भूमीच्या पोटात आहे.

आता केळे उभे कापले तशी ती जमीन कापली असे समजावे. वर भूपृष्ठाची रेघ: सातपुड्याच्या पायथ्याकडे उंच, शहराकडे व तापीकडे उतरत जाणारी. खाली दुसरी रेघ: एका लांब भुयाराची, सर्व कुंड्यांस तळाशी जोडणारी. काही ठिकाणी ते सुमारे ऐंशी फूट खोल आहे. डोंगरावर पडलेला पाऊस जमिनीत मुरतो व आतल्या आत तापीकडे झिरपू लागतो. ते झिरपणारे पाणी ह्या भुयाराने वाटेत अडविले व शहराकडे वळविले. उभ्या कुंड्या खोदकामाची माती बाहेर काढण्यास, आत हवा खेळण्यास आणि पुढे सफाईसाठी उतरण्यास उपयोगी पडत. इराणात ह्याच जातीच्या रचनेस कनात म्हणतात. दक्षिणेत बीदर येथेही असे भुयारी जलमार्ग आहेत.

ह्या छेदात पाहण्यासारखी खरी गोष्ट त्या दोन रेघांमधील अंतर ही होय. केवळ उदाहरणादाखल असे धरू की, जमीन दर हजार मीटरांस पाच मीटर उतरते आणि भुयाराचा तळ दर हजार मीटरांस एकच मीटर उतरतो. मग प्रत्येक हजार मीटरांत दोन रेघा चार मीटरांनी जवळ येतील. आरंभी भुयार वीस मीटर खोल असेल, तर पाच हजार मीटरांवर ते जमिनीस येऊन भिडेल. मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. तरी पाणी वर आले! वस्तुतः पाणी सबंध वाटेत खालीच वाहत होते. जमीन त्याच्याहून अधिक वेगाने खाली आली. हे शब्दांनी सांगून मुलांस क्वचितच पटते, पण दोन तिरक्या रेघा ओढल्या की त्यांचे डोळे चमकतात. ज्याने चार शतकांपूर्वी हे काम आखले, त्याच्या मनात तो छेद स्वच्छ असला पाहिजे. कागदावर काढताना एक अडचण येते: लांबी हजारो मीटर आणि खोली पंचवीस मीटरांच्या आत. एकाच प्रमाणाने काढले तर दोन्ही रेघा चिकटून एकच दिसेल. म्हणून अशा छेदात उंचीचे प्रमाण लांबीहून मोठे घेतात व तसे स्पष्ट लिहून ठेवतात. ते न वाचणाऱ्यास सौम्य उतारही कडा भासेल.

घरात छेदाची गरज जिन्यापाशी पडते. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे जुने घर उतरवून त्या जागी नवे बांधावयाचे होते. नकाशा घरी आला, नेहमीप्रमाणे माना डोलल्या. आठवीतली मुलगी मात्र जिन्याच्या रेघा मोजत बसली. नकाशात जिन्याची प्रत्येक आडवी रेघ म्हणजे एक उभा चढ असतो आणि दोन रेघांमधील पट्टी म्हणजे पाऊल ठेवण्याची पायरी. तिला तेरा रेघा व बारा पायऱ्या मिळाल्या. मशिदीच्या कमानी-खांबांतला एकाचा फरक तो हाच. प्रत्येक पायरी २५ सेंटिमीटरांची, म्हणजे जिना सरळ ३ मीटरांत मावला होता. कागदावर तो अगदी सुबक दिसत होता. पण मजल्याची उंचीही ३ मीटर होती, आणि उंची नकाशात दिसत नाही. ती कोपऱ्यातील टीपेत लिहिली होती. मुलीने ३०० सेंटिमीटरांस तेराने भागले. प्रत्येक चढ २३ सेंटिमीटर आला.

राहत्या घरातील जिन्याचा चढ साधारणपणे १५ ते १९ सेंटिमीटर असावा असा संकेत आहे. तेवीस सेंटिमीटरांचा चढ तरण्या माणसास दमवील. आणि त्या घरी गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंची खोली वरच्या मजल्यावर योजली होती. मुलीने चौकटींच्या वहीत जिन्याचा छेद काढला. त्यात शेजारी त्याच प्रमाणात आजीही काढली. हे मात्र कोणी शिकविले नव्हते. तो कागद पाहिल्यावर चर्चा करण्यासारखे काही उरले नाही. जिना मध्ये वळवून दोन भागांत करण्याचे ठरले. एकंदर अठरा चढ, प्रत्येक सुमारे पावणेसतरा सेंटिमीटरांचा. एकेका भागात नऊ चढ व आठ पायऱ्या, म्हणजे दोन मीटर लांबी, आणि वळणावर एक मीटरची चौकी. लांबी तीच तीन मीटर राहिली. रुंदी मात्र दुप्पट लागली, व ती शेजारच्या कोठीतून घ्यावी लागली. डबे-बरण्या कोठे ठेवावयाच्या ह्यावर त्या घरी पुढे आठवडाभर वाद चालला. असा वाद वीट लावण्यापूर्वी झालेला बरा. तेव्हा तो पेन्सिलीने मिटतो.

जिन्याच्या छेदात आणखी एक माप घ्यावे. पायरीवर उभ्या माणसाचे डोके वरच्या तुळईस किंवा स्लॅबच्या कडेस लागते काय? नकाशा याविषयी मौन धारण करतो. ज्या नकाशाबरोबर निदान जिन्यातून घेतलेला एक छेद नाही, तो अपुरा समजून मागून घ्यावा. मागण्यात संकोच बाळगू नये.

नकाशास ‘ब्ल्यू प्रिंट’ का म्हणतात, हे मुले हमखास विचारतात. १८४२ साली इंग्लंडातील शास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांनी लोहाच्या क्षारांचा लेप दिलेल्या कागदावर सूर्यप्रकाशाने चित्र उठविण्याची रीत शोधली. पारदर्शक कागदावर काळ्या शाईने काढलेली आकृती त्या लेपावर ठेवून उन्हात धरीत. जेथे ऊन लागे तेथे कागद पुढे गर्द निळा होई, आणि रेघांच्या सावलीतला भाग पाण्याने धुतल्यावर पांढरा राही. निळ्या कागदावर पांढऱ्या रेघा, म्हणून ते नाव. पुढे अमोनियाच्या वाफेवर काढलेल्या, पांढऱ्यावर गडद रेघांच्या प्रती आल्या, आणि आता नकाशे संगणकावर काढून छापतात. निळा रंग गेला, नाव राहिले.

ह्या नव्या सोयीबरोबर एक जपावयाची गोष्ट आली आहे. छापताना किंवा प्रत काढताना कागद लहान-मोठा होतो. मग कडेला ‘एकास शंभर’ असे लिहिलेले असले तरी प्रत्यक्षात ते एकास एकशेवीसही झालेले असेल. म्हणून तयार नकाशावर पट्टी ठेवून माप काढू नये. बाणांच्या मध्ये जे अंक लिहिले आहेत, तेच प्रमाण मानावेत. जेथे अंक नाही तेथे तो आखणाऱ्याकडून लिहवून घ्यावा, आणि सर्व खोल्यांची व भिंतींची मापे मिळवून बेरीज बाहेरच्या मापाशी ताडून पाहावी. शेवटी कागदाच्या उजव्या कोपऱ्यातील तारीख पाहावी. बदल होत जातात तशा एकाच घराच्या चार-पाच प्रती निघतात, आणि गवंड्याच्या हाती जुनी प्रत राहिली, तर अर्धी कोठी सोडून केलेला जिना पुन्हा सरळ उभा राहावयास वेळ लागणार नाही.